दूध पुरतंय ना गं?

१९६५ साली कोलकात्यात संदेश आणि रसगुल्ल्यावर बंदी आली होती. चक्क सरकारी हुकूम निघाला होता. राज्यात दुधाचा तुटवडा होता. छेना पाडण्यात जाणारं दूध लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारी माणसं यांच्यासाठी वाचावं, म्हणून मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांनी छेन्याच्या मिठाईलाच मनाई केली. मिठाईवाले कोर्टात गेले, गिऱ्हाईकं हळहळली, आणि १९६७च्या निवडणुकीत सेनबाबू स्वतःच्या आरामबाग मतदारसंघात पडले. पराभवाची कारणं बरीच होती, पण संदेशाचा शाप लागला असं म्हणणारे कमी नव्हते.

बाळाच्या दुधाची फिकीर करणारं हे शहर. नवी आई बाळाला घेऊन गॅलरीत उभी राहिली, की समोरच्या माशिमा, म्हणजे मावशी, हमखास विचारतात, ‘बाच्चा दूध पाच्छे तो?’ पुण्या-नागपुरात हाच प्रश्न आत्याबाई विचारतात, ‘दूध पुरतंय ना गं?’ विचारण्यात माया असते. पण दिवसातून चारदा तेच कानावर पडलं की आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, आणि तिथूनच वरच्या दुधाचा डबा घरात शिरतो. खरं तर दूध कमी असण्याची भीती जेवढी सर्रास आढळते, तेवढं दूध खरोखर कमी असणं आढळत नाही. नव्या आणि होऊ घातलेल्या आयांनी खुशाल गाठीला बांधाव्यात, आणि माशिमांनाही ऐकवाव्यात, अशा या काही गोष्टी.

बोराएवढं पोट

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाची जागा जेमतेम बोराएवढी असते. एका वेळी चमचाभर चीक मिळाला तरी त्याचं भागतं. हा पिवळसर, घट्ट चीक गरोदरपणाच्या मध्यावरच तयार व्हायला लागतो. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात कपड्यावर डाग दिसले तर घाबरायचं कारण नाही. डाग दिसले नाहीत तरीही नाही. भरपूर दूध उतरतं ते बाळंतपणानंतर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सिझेरियन झालं असेल तर कधीकधी थोडं उशिरा. ‘अजून दूधच आलं नाही’ म्हणून घर हवालदिल होतं, ते नेमकं याच दिवसांत. आणि त्या वेळी बाळाला हवा असलेला चीक आईजवळ असतोच.

जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी लावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझेरियन झालेल्या आईलाही ते जमतं, फक्त कोणीतरी बाळ नीट धरून द्यावं लागतं. आपल्याकडचे आकडे मात्र विचारात पाडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात सुमारे ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण तासाभरात अंगावर पाजलं जातं ते सुमारे ४२ टक्के बाळांनाच. म्हणजे डॉक्टर हाताशी, नर्स हाताशी, आणि तरीही निम्म्याहून जास्त बाळांचा तो पहिला तास हुकतो. गरोदर बाईने बॅग भरताना ‘बाळ लगेच माझ्याजवळ द्या’ हे वाक्य नवऱ्याकडून आणि सासूबाईंकडून घोकून घ्यावं. त्या वेळी बोलायला तेच असतात.

आनंदीबाईंचं श्रीरामपूर, कादंबिनींचे तेरा दिवस

आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या त्या मुंबईहून नव्हे, कोलकात्याहून. गोपाळराव टपाल खात्यात होते आणि त्यांची नेमणूक श्रीरामपूरला होती. नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं श्रीरामपूर. तिथल्या कॉलेजात फेब्रुवारी १८८३मध्ये आनंदीबाईंनी आपण परदेशी का जातो हे भर सभेत सांगितलं, आणि ७ एप्रिलला कोलकात्याहून जहाज धरलं. त्यांचं मूल अवघ्या दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. १८८६ साली एम. डी. होताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो प्राचीन हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. बाळंतिणीच्या खोलीतलं दुःख घेऊन निघालेली ही मुलगी त्याच खोलीचा अभ्यास करून डॉक्टर झाली.

त्याच सुमाराला कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात कादंबिनी गांगुली शिकत होत्या. त्यांच्याविषयी फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८८८ साली एका पत्रात मोठ्या कौतुकाने लिहिलं, की ही बाई बाळंतपणासाठी फक्त तेरा दिवस रजेवर होती. कौतुक रास्तच आहे, पण वाचताना पोटात कालवतं. तेराव्या दिवशी आईच्या टाक्यांचं दुखणं थांबलेलं नसतं आणि बाळ दिवसातून आठ-बारा वेळा प्यायला मागत असतं.

तेरा दिवसांवरून आपण २६ आठवड्यांवर आलो आहोत. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. याशिवाय मूळ १९६१च्या कायद्यापासूनच एक तरतूद आहे, ती फार थोड्या जणींना ठाऊक असते. कामावर परतलेल्या आईला, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळायला हवा. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी असो की हिंजवडीत, रजेवरून परतण्याआधी एचआरला याबद्दल लेखी विचारावं. मेहेरबानी मागायची नाही, हा हक्क आहे.

बुद्धिबळपटूचा पंप

दूध काढायच्या पंपाच्या इतिहासात एक बुद्धिबळपटू आहे! एडवर्ड लास्कर हे नावाजलेले खेळाडू, पेशाने इंजिनियर. १९२०च्या दशकात त्यांनी विजेवर चालणाऱ्या पंपाचं यंत्र तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. दिव्येंदु बरुआ आणि सूर्यशेखर गांगुली या बुद्धिबळपटूंच्या कोलकात्यात ही गोष्ट सांगितली, की पंपाकडे नाक मुरडून बघणारे काकाबाबूही खुर्ची पुढे ओढतात.

पंप आणला, लावला, आणि बाटलीच्या तळाशी जेमतेम दूध दिसलं, की रडू कोसळतं. पण पंपातून किती निघालं यावरून अंगात किती आहे हे कळत नाही. बाळाची जीभ आणि जबडा जे करतात ते यंत्राला तसंच्या तसं जमत नाही. शिवाय पान्हा सुटायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागतं, आणि घाई, धाक, लाज यांनी ते अडतं. बाळाचा फोटो, त्याचं झबलं, फोनवर रेकॉर्ड केलेला त्याचा आवाज यांनी पान्हा लवकर सुटतो, असा अनेकींचा अनुभव आहे. लोकलमध्ये परक्याचं मूल रडलं तरी पदर ओला होतो, तो याच ऑक्सिटोसिनमुळे.

दुसरं म्हणजे पंपाचं नरसाळं. ते सगळ्यांना एकाच मापाचं चालत नाही. पंप चालू असताना बोंड नळीत मोकळेपणाने पुढे-मागे हललं पाहिजे. कडेला घासत असेल किंवा भोवतालची बरीचशी कातडी आत ओढली जात असेल, तर माप चुकलंय. दुखतंय म्हणजे पंप जोरात चालवायला हवा, असा समज करून घेऊ नका. दुखणं हे नरसाळं बदलायची खूण आहे.

आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत पंपापेक्षा हातच बरा. घट्ट चीक पंपाच्या नळ्यांनाच चिकटून राहतो. हात धुवावेत. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडापासून इंच-सव्वा इंच मागे ठेवावीत. आधी छातीच्या दिशेने हलकं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची आणि सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. पहिल्या मिनिटाला काहीच येत नाही, मग एक थेंब, मग पाठोपाठ थेंब. स्वच्छ चमच्यात धरून ते थेट बाळाला पाजता येतात.

कालबैशाखी आणि फ्रीज

काढलेलं दूध किती टिकतं? पुस्तकी उत्तर सोपं आहे. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, डीप फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये कोलकात्याच्या, किंवा चंद्रपूरच्या, खोलीत २५ अंश असतात कुठे? म्हणून उन्हाळ्यात दूध काढलं की लगेच फ्रीजमध्ये, तेही दारात न ठेवता आत मागच्या बाजूला. साठ-नव्वद मिलीच्या छोट्या पिशव्या कराव्यात, वर तारीख लिहावी. ऑफिसातून मेट्रोच्या गर्दीतून घरी आणायचं असेल तर बर्फाच्या पॅकसकट थर्मल पिशवीत ते दिवसभर सुरक्षित राहतं. कालबैशाखीच्या वादळात वीज गेली तर फ्रीज उघडून सारखं बघू नये. दार बंद ठेवलं तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो.

ठेवलेल्या दुधावर साय येऊन खाली पाणीदार थर दिसला, तर ते नासलेलं नसतं. हलकेच फिरवलं की एकजीव होतं. फ्रीझरमधल्या दुधाला कधीकधी साबणासारखा वास येतो, तो लायपेज नावाच्या विकराचा प्रताप. दूध वाईट नसतं, काही बाळं मात्र ते नाकारतात. मायक्रोवेव्ह वापरू नये, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवावी. वितळलेलं दूध २४ तासांत संपवावं, पुन्हा गोठवू नये. बाळाचं तोंड लागलेलं उरलं तर दोन तासांनंतर टाकून द्यावं. जीव हळहळतो, ठाऊक आहे, तरी टाकावं.

माशिमांचं कालोजीरे, आईचे आळिवाचे लाडू

महाराष्ट्रातून कोलकात्यात गेलेल्या सुनेला बाळंतपणात दोन्हीकडची पथ्यं सांभाळावी लागतात. माहेरून आळिवाचे आणि डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, खारीक-खोबरं येतं. इकडे सासरी दुधासाठी कालोजीरे, म्हणजे आपली कलौंजी, सर्वांत वरच्या मानाची. तिचं भर्ता करतात. कलौंजी कोरडी भाजायची, सोबत लसणाच्या पाकळ्या आणि सुकी लाल मिरची परतायची, आणि शील-नोड्यावर, म्हणजे पाट्या-वरवंट्यावर, मिठासकट काळीभोर वाटायची. वर कच्चं सरसूचं तेल. पहिल्या वाफेच्या भातात कालवून दोन घास. जिभेला चटका बसतो, नाक मोकळं होतं. जोडीला दुधी, आणि अंगात ताकद यावी म्हणून शिंगी-मागुर माशांचा पातळ झोल.

यांनी दूध वाढतं का? मेथी, शतावरी, कलौंजी यांवर अभ्यास झाले आहेत, पण ठाम निर्वाळा मिळालेला नाही. दूध वाढवायचा खात्रीचा उपाय एकच: वारंवार पाजणं किंवा काढणं. छाती रिकामी झाली की शरीर नवीन दूध बनवतं, भरून राहिली की हात आखडतं. रात्री दूध बनवणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं मोलाचं. छातीच्या आकाराचा दुधाशी संबंध नाही, आकार बहुतांशी चरबीचा असतो. आणि तरीही लाडू आणि भर्ता जरूर खावं. पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि कोणीतरी आपल्यासाठी पाट्यावर वाटतंय या भावनेनेही बाळंतिणीला उभारी येते.

‘लसूण खाऊ नको, दुधाला वास येईल’ हे दोन्हीकडे ऐकू येतं. वास येतो हे खरं! अमेरिकेतल्या ज्युली मेनेला यांनी १९९१ साली हे तपासलं, तेव्हा आयांनी लसूण घेतल्यावर बाळं जास्त वेळ छातीला लागलेली आढळली. पुढे गाजराच्या रसाचाही प्रयोग झाला. आईच्या दुधातून गाजराची चव ओळखीची झालेल्या बाळांनी पुढे गाजराची खीर कुरकुर न करता खाल्ली. म्हणजे इलिश मासा खाणाऱ्या घरातलं बाळ भाताच्या आधीच घराच्या चवीला सरावायला लागतं. माशातलं डीएचए हे स्निग्धाम्लही दुधात उतरतं, ते बाळाच्या मेंदूला हवंच असतं.

एक गोष्ट मात्र नको. जन्मल्यावर जिभेवर मध लावायची रीत बंगालात आहे, आपल्याकडेही आहे. मधात बोट्युलिझम या आजाराचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षभर मध नाही. पहिले सहा महिने पाणीही नाही. मे महिन्यात घाम निथळत असला तरी नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. तहान लागली तर बाळ जास्त वेळा पितं, आईने मात्र स्वतःचा तांब्या भरून जवळ ठेवावा. डॉक्टर लिहून देतात ते डी जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चुकवू नयेत.

दूध पुरतंय हे कळायचं कसं, तर लंगोट बघून. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू झाली, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं, पिताना गिळल्याचा आवाज येतो, तर पुरतंय. पिवळी, पातळ, दाणेदार शी दिवसातून पाच-सहा वेळा झाली तरी ते जुलाब नव्हेत. संध्याकाळी बाळ सारखं छातीला मागतं, तेही दूध आटल्याचं लक्षण नव्हे. बाळं तशीच मागतात.

खरेच जुलाब झाले तर? पाजणं थांबवायचं नाही, सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस. ओआरएसचा मोठा पुरावा इथलाच आहे. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा बनगावच्या छावणीत कोलकात्याच्या डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याच्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या आत आणलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

दुखतंय, सांगू कोणाला?

बोंडाला चिरा, भरून आलेली छाती, गाठ, यांबद्दल बायका न बोलता सोसतात. चिरा पडतात त्या बहुधा बाळ फक्त बोंड धरतं म्हणून. तोंड मोठं उघडल्यावर, हनुवटी छातीला टेकवून, काळ्या भागाचा बराचसा हिस्सा तोंडात गेला पाहिजे. गाठ आली तर त्या बाजूने पाजणं बंद करू नये. जोरजोरात चोळणंही नको, पूर्वी तेच सांगायचे, पण त्याने सूज वाढते. पाजून झाल्यावर गार शेक द्यावा. गाठीबरोबर ताप, थंडी, लालसरपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साध्या सर्दी-तापात आईने पाजत राहावं, तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येत राहिलं, बाळाकडे बघवेनासं झालं, तर तोही आजारच आहे आणि त्यालाही औषध आहे. सगळं करूनही अंगावर पाजणं जमलं नाही, तर डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध देणाऱ्या आईला कोणी एका शब्दाने टोचू नये.

मधुर स्नेह

१९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. २०१३ साली कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयात पूर्व भारतातली पहिली पेढी उघडली, नाव ‘मधुर स्नेह’. ज्यांना जास्त दूध येतं त्या आया देतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या, किलो-सव्वा किलोच्या बाळांना ते मिळतं. देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून झटकन थंड करतात, जंतू नाहीत ना हे बघतात, आणि उणे २० अंशांवर ठेवतात. इतक्या लहान बाळांच्या आतड्याला होणारा एक जीवघेणा आजार आईच्या दुधाने, आणि ते नसेल तेव्हा दात्या आईच्या दुधाने, बराच टळतो. पैसे घेऊन दूध विकायला मात्र मनाई आहे, २०२४ साली एफएसएसएआयने ते पुन्हा बजावलं.

देवी पाजते, मग लाज कसली?

बीरभूमच्या तारापीठाला कोलकात्याहून रोज माणसं जातात. तिथल्या मूळ शिळामूर्तीत तारा देवी शिवाला मांडीवर घेऊन अंगावर पाजते आहे. हलाहलाचा दाह शमवायला महादेवालाही आईचं दूध लागलं, अशी कथा. उलट ज्यांच्या नावाने कोलकात्यात संगमरवरी महाल उभा आहे त्या राणी व्हिक्टोरियांना पाजण्याचा तिटकारा. मुलगी ॲलिस बाळाला स्वतः पाजते हे कळल्यावर त्यांनी गोठ्यातल्या एका गाईचं नाव ॲलिस ठेवलं, असं सांगतात.

२०१८च्या नोव्हेंबरात दक्षिण कोलकात्यातल्या एका मॉलमध्ये बाळाला पाजायला जागा मिळाली नाही, म्हणून एका आईने फेसबुकवर तक्रार केली. उत्तर आलं, घरची कामं घरीच करावीत. शहर खवळलं, आणि मॉलला माफी मागावी लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना सांगितलं, की सार्वजनिक इमारतींत शक्य तिथे पाजण्यासाठी जागा करा आणि नव्या इमारतींच्या आराखड्यातच ती ठेवा. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीची कथा आपल्याला पाठ आहे. तिच्या नावाच्या कक्षाला कुलूप दिसलं, तर स्थानकप्रमुखाकडून किल्ली मागून घ्यावी, आणि तक्रारही नोंदवावी.

सहाव्या महिन्याच्या आसपास बंगाली घरात मुखेभात, म्हणजे बाळाचं उष्टावण, होतो. मुलाचा सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचा पाचव्या किंवा सातव्या. शास्त्र म्हणतं सहा महिने पूर्ण होऊ द्या, तेव्हा मुलीच्या मामाने सातव्याचा मुहूर्त धरावा. पायेशचा, म्हणजे खिरीचा, पहिला घास भरवायचा मान मामाचा, आपल्या उष्टावणासारखाच. मग ताटात माती, पुस्तक, पेन, नाणं मांडून बाळ कशाला हात घालतं ते बघतात. आणि त्या दिवशी कोणी आईला म्हणालं, ‘आता अंगावरचं बंद कर’, तर तिने सांगावं, की जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि हवं तर पुढेही पाजा म्हणते, पायेश आहे ती जोडीला.